आमच्या टेकडीवरचं चेस्टनट नशिबानं वाचलंय की मुळातच चिवट आहे?

रानवाट | २४ सप्टेंबर २०२३

नमस्कार मंडळी. गेली अकरा वर्षं आम्ही मध्य पेनसिल्व्हेनियात राहतो. घरामागे ओक आणि मेपलची एक टेकडी आहे. चार वर्षांपूर्वीच्या वादळात तिथले तीन मोठे ओक पडले आणि त्या जागी ऊन पोचायला लागलं. या जुलैत तिथं एक झाड पांढरट तुऱ्यांनी भरून गेलेलं दिसलं. उंची पंचवीसेक फूट, पानं लांबट, पानाच्या कडेला आकड्यासारखे वळलेले दात.

शेजारी ९१ वर्षांचे एक आजोबा राहतात. त्यांना फोटो दाखवला, तर ते बराच वेळ नुसते बघत राहिले. मग म्हणाले, हे अमेरिकन चेस्टनट. त्यांच्या लहानपणी या डोंगरांवर साल गळून राखाडी पडलेले चेस्टनटचे बुंधे उभे होते. डेरेदार, जिवंत झाड त्यांनी स्वतः कधीच पाहिलेलं नाही, वडिलांकडून ऐकलंय फक्त.

तेव्हापासून मी मिळेल ते वाचतेय. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातल्या झाडांवर हा बुरशीजन्य रोग पहिल्यांदा लक्षात आला. बुरशी आशियातून आणलेल्या चेस्टनटच्या रोपांबरोबर आली होती. पुढच्या पन्नासेक वर्षांत मेनपासून जॉर्जियापर्यंतची सुमारे चारशे कोटी झाडं गेली. बुरशी सालीच्या चिरेतून आत शिरते आणि खोडाभोवती सालीचं कडं मारून टाकते, की वरचं सगळं वाळतं. मूळ मात्र मरत नाही. त्याला फुटवे येतात, अंगठ्याएवढे-मनगटाएवढे होतात, पुन्हा रोग, पुन्हा मर. शंभर वर्षं हेच चाललंय.

माझं झाड मात्र फुललं. आता बोंडंही धरलीत, हिरवी, साळिंदरासारखी. म्हणून प्रश्न: हे झाड रोगाला दाद न देणारं असेल का? ते कसं ओळखायचं? आणि तसं असलंच तर मी काय करावं?

अनघा_के | २४ सप्टेंबर २०२३

ताई, चेस्टनट म्हणजे शिंगाडाच ना? उपासाचा?

रानवाट | २४ सप्टेंबर २०२३

नाही गं, शिंगाडा तो वॉटर चेस्टनट, तळ्यात येतो. हा जंगलातला मोठा वृक्ष. फळ भाजून खातात. चवीला साधारण आपल्या फणसाच्या आठळीसारखं, थोडं जास्त गोड. आईला भाजून दिले होते (बाजारातले), ती म्हणाली, "आठळ्याच की गं या."

गहूवाला | २५ सप्टेंबर २०२३

रानवाटताई, प्रश्न नेमका विचारलात. माझी नोकरी गहू आणि बाजरीच्या वाणांवर गेली, झाडांवर नाही, पण तत्त्व तेच आहे.

रोगात वाचलेलं रोप आणि रोगाला पुरून उरणारं रोप यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. शेतात रोगाची साथ आली की काही रोपं सुटतात. वारा उलटा होता, बीजाणू पोचले नाहीत, रोप आडोशाला होतं. पुढच्या वर्षी तीच पहिली मरतात. तुमचं झाड ओकांच्या सावलीत बारीक फुटवा म्हणून कित्येक वर्षं पडून असणार. उजेड मिळाला, झपाट्यानं वाढलं, फुललं. रोग अजून त्याच्यापर्यंत पोचलेलाच नसेल, असं मला जास्त वाटतं.

खात्री करायचा मार्ग एकच, रोग मुद्दाम द्यायचा. चेस्टनटच्या बागांत सालीला छोटं भोक पाडून त्यात प्रयोगशाळेत वाढवलेल्या बुरशीचा तुकडा बसवतात आणि काही महिन्यांनी जखम किती पसरली ते मोजतात. अर्थात तुमच्या एकुलत्या एका झाडावर हे करू नका!

रानवाट | २५ सप्टेंबर २०२३

काका, वाचून जरा हिरमुसले, पण पटलं. खोडावर कुठे खोलगट डाग किंवा नारिंगी पुटकुळ्या आहेत का ते उद्या बघते.

डोंगरदरी | २७ सप्टेंबर २०२३

माझं मत थोडं वेगळं आहे. सह्याद्रीत पंचवीस वर्षं भटकतोय, रोपं लावण्याच्या नावाखाली काय काय होतं ते पाहिलंय. रानातल्या झाडाची 'पैदास' माणसानं का करावी? रोगाला टिकणाऱ्या चिनी चेस्टनटशी संकर करतात म्हणे, पण त्यातून जे उभं राहील ते पेनसिल्व्हेनियाचं झाड कसं? त्याला फळबागेत लावा, जंगलात नको. जंगल आपलं आपण बघेल. दहा लाखांत एक चिवट निघालं तरी त्याचीच प्रजा पुढे वाढेल.

रानवाट | २८ सप्टेंबर २०२३

डोंगरदरी, तुमची तळमळ कळते. पण शेवटच्या वाक्यापाशीच घोडं अडतं. प्रजा वाढायला बी लागतं. बहुतेक फुटवे फुलायच्या आधीच मरतात, मग निवड होणार कशातून? शिवाय चेस्टनटला स्वतःचा पराग चालत नाही, दुसरं झाड लागतं. माझ्या झाडाची बोंडं काल उघडली. प्रत्येकात तीन-तीन बिया, तिन्ही चपट्या, आत काहीच नाही. हातात घेऊन खूप वाईट वाटलं हो. एवढा फुलोरा, आणि आसपास कोणीच नाही.

संकराचं म्हणाल तर ते तितकं सरधोपट नाही. चार्ल्स बर्नहॅम नावाचे मक्याचे आनुवंशशास्त्रज्ञ होते, मिनेसोटाचे. त्यांनी सुचवलं की चिनी आणि अमेरिकन झाडाचा संकर करा, त्यातली रोगाला टिकणारी रोपं निवडा आणि ती पुन्हा अमेरिकन झाडाशी लावा. पुन्हा निवडा, पुन्हा अमेरिकनशी लावा. पहिल्या पिढीत अर्धं अमेरिकन, मग तीन चतुर्थांश, सात अष्टमांश, पंधरा सोळांश. मग अशीच झाडं आपसात लावायची. रूप, उंची, वाढ अमेरिकन आणि रोगाशी लढायची ताकद तेवढी चिनी. यासाठी १९८३ मध्ये अमेरिकन चेस्टनट फाउंडेशन निघालं आणि १९८९ मध्ये व्हर्जिनियातल्या मेडोव्ह्यूला त्यांचं शेत सुरू झालं. प्रत्येक राज्यातले स्वयंसेवक आपल्याच भागातली झाडं 'आई' म्हणून वापरतात, म्हणजे इथली थंडी, इथली माती सोसणारं रक्त टिकून राहतं.

गहूवाला | २८ सप्टेंबर २०२३

बॅकक्रॉस! आमची रोजची भाजी-भाकरी. त्या संस्थेच्या सुरुवातीला नॉर्मन बोरलॉगही पाठीशी उभे होते. गव्हाच्या माणसाला चेस्टनटची ओढ वाटली याचा मला फार आनंद आहे.

फक्त एक धोक्याची गोष्ट सांगतो. साठच्या दशकात बाजरीचे संकरित वाण आले, उत्पादन दुप्पट झालं, सगळीकडे तेच पेरलं. १९७०-७१ च्या सुमारास गोसावी रोगानं धुमाकूळ घातला. कणसाच्या जागी नुसता हिरवा झुपका, दाणा नाही. एकाच पायावर उभं केलेलं घर होतं ते. झाडांतही हे झालंय. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या व्हाइट पाइनला परदेशातून आलेला तांबेरा लागतो. त्याला रोखणारा एक दमदार जनुक सापडला होता, पण बुरशीची नवी जात आली आणि तिनं त्याला वळसा घातला. गव्हाचा वाण पडला तर तीन-चार वर्षांत दुसरा देता येतो. जंगल पडलं तर काय देणार? म्हणून ऑरेगनमधल्या डोरीना केंद्रात १९६६ पासून ही मंडळी अनेक छोटे-छोटे गुण एकत्र करताहेत. तिथं रोपांच्या वाफ्यांवर रोगट पानं टांगतात, बीजाणूंचा पाऊस पाडतात आणि मग वर्षानुवर्षं कोण उरतं ते पाहतात.

निपाणीकर | १ ऑक्टोबर २०२३

आमच्याकडच्या चंदनाची आठवण आली. माझी सगळी नोकरी कर्नाटकातल्या जंगलांत गेली. चंदनाला 'स्पाइक' नावाचा रोग होतो, कोडगूत १८९९ पासून त्याची नोंद आहे. पानं लहान-लहान होत जातात, फांदीवर खिळ्यांसारखी ताठ उभी राहतात, आणि दोन-तीन वर्षांत झाड संपतं. कारण फायटोप्लाझ्मा, पेशीला भिंत नसलेला एक प्रकारचा बॅक्टेरिया. तो तुडतुड्यांमार्फत पसरतो. केरळातल्या मरयूरच्या राखीव चंदनवनातही तो पोचला.

टेट्रासायक्लिन टोचून बघितलं. झाड काही महिने हिरवं होतं, मग जैसे थे. रोगट झाड फुलत-फळतही नाही, म्हणजे ताईंच्या चेस्टनटसारखाच पेच. साथीत वाचलेली झाडं हेरून त्यांची कलमं करायचं काम झालंय, पण चंदनाचं दुखणं असं की जे झाड रोगातून वाचतं ते चोरातून वाचत नाही. तीस वर्षं एका झाडावर नजर ठेवावी आणि सकाळी जाऊन बघावं तर बुंधा. असं माझ्या डोळ्यांदेखत दोनदा झालंय. त्या झाडात काय होतं ते आता कोणालाच कळणार नाही.

अनघा_के | १ ऑक्टोबर २०२३

निपाणीकर काका, शेवटचं वाचून कसंतरी झालं.

माझ्या मामांनी जालन्याकडे चंदन लावलंय, सोबत तूर. चंदनाला दुसऱ्या झाडाच्या मुळांचा आधार लागतो म्हणून. रोपं कुठून आणावीत?

निपाणीकर | २ ऑक्टोबर २०२३

रोपवाटिकेला एकच विचारायचं, बी कुठल्या आणि किती झाडांचं? एकाच झाडाचं असेल तर घेऊ नका. रोगट पट्ट्यातून कलमं तर अजिबात आणू नका, कलमातून हा रोग येतो. तूर ठीक, पण ती दोन वर्षांची सोबतीण. पुढं कायमचं झाड लागेल.

सुमेधा_लीड्स | ५ ऑक्टोबर २०२३

इंग्लंडातून लिहितेय. इथं अ‍ॅश नावाच्या झाडाचं तेच चाललंय. शेंडे वाळत खाली येणारा रोग, मूळ पूर्व आशियातलं. युरोपात १९९२ मध्ये पोलंडमधून पहिल्यांदा कळलं, इथं २०१२ मध्ये. आमच्या फिरायच्या वाटेवरची कितीतरी झाडं रस्त्यावर पडू नयेत म्हणून कापली.

इथली पद्धत मला फार आवडली. दुसऱ्या देशातल्या अ‍ॅशशी संकर वगैरे नाही. रोगानं वेढलेल्या रानात जी थोडी झाडं हिरवीगार उभी आहेत ती शोधायची, त्यांच्या डोळकाड्या आणून कलमं बांधायची आणि एका जागी लावायची, म्हणजे पुढे त्यांचंच आपसात परागीभवन होईल. हॅम्पशायरमध्ये अशी ३,००० झाडं लावलीत. डोंगरदरी, हे तुम्हाला चालेल का?

डोंगरदरी | ५ ऑक्टोबर २०२३

हे चालेल. मनापासून.

तेजस_सिरॅक्यूज | ९ ऑक्टोबर २०२३

मी ज्या गावात राहतो तिथंच तिसरा रस्ता शोधला गेला, म्हणून लिहितो.

ही बुरशी ऑक्झॅलिक आम्ल सोडून सालीच्या पेशी मारते. आपल्या अळूच्या पानाची खाज असते ना, तीही ऑक्झॅलेटच्या स्फटिकांमुळेच. अळूत आपण चिंच घालतो. गव्हाकडे स्वतःचा उपाय आहे, त्याच्यात हे आम्ल फोडून टाकणारं विकर (एन्झाइम) असतं. इथल्या वनशास्त्र महाविद्यालयातल्या विल्यम पॉवेल आणि चार्ल्स मेनार्ड यांनी गव्हाचा तो एक जनुक चेस्टनटमध्ये घातला. त्यानं बुरशी मरत नाही, फक्त तिचं हत्यार बोथट होतं. झाडावर जखम होते आणि भरते. बाकी झाड शंभर टक्के अमेरिकन राहतं. रानात लावायची परवानगी २०२० पासून सरकारकडे मागितलेली आहे.

आणि आपण बुरशीलाच आजारी पाडलं तर? युरोपात तसं आपोआप झालं. इटलीत हाच रोग १९३८ मध्ये पोचला होता. पुढे काही झाडांच्या जखमा भरताना दिसल्या, कारण बुरशीला एक विषाणू लागला होता. अमेरिकेत बुरशीच्या जाती इतक्या निरनिराळ्या की विषाणू एकीकडून दुसरीकडे जाईना.

डोंगरदरी | १० ऑक्टोबर २०२३

गव्हाचा जनुक रानात? तेजस, माहिती छान दिलीस, पण मला हे झेपत नाही. रानात सोडलेलं परत बोलावता येत नाही.

गहूवाला | १० ऑक्टोबर २०२३

रोगही परत बोलावता येत नाही, डोंगरदरी. तोही माणसानंच सोडला होता, शोभेच्या रोपांबरोबर. मला एकाच जनुकाची धास्ती आहे, तो गव्हाचा असो की चिनी झाडाचा. तो बाकीच्या गुणांच्या जोडीला आला तर मी हो म्हणेन.

तेजस_सिरॅक्यूज | ११ डिसेंबर २०२३

जड मनानं लिहितोय. नोव्हेंबरमध्ये पॉवेल सर गेले. आणि या आठवड्यात चेस्टनट फाउंडेशननं गव्हाचा जनुक घातलेल्या झाडाचा पाठिंबा काढून घेतला. 'डार्लिंग ५८' म्हणून इतकी वर्षं ज्यांच्या चाचण्या झाल्या ती झाडं प्रत्यक्षात 'डार्लिंग ५४' निघाली, कुठेतरी सुरुवातीला अदलाबदल झाली. शिवाय शेतांवर वाढ कमी आणि रोगाला टिकण्यात सारखेपणा नाही, असंही त्यांचं म्हणणं. महाविद्यालय मात्र या झाडामागे ठाम उभं आहे. दोन्हीकडे मी ओळखतो ती माणसं प्रामाणिक आहेत. तीस वर्षांचं काम आहे हे.

रानवाट | ११ डिसेंबर २०२३

तेजस, फार वाईट वाटलं.

आमच्या बागेचीही अशीच एक बाजू आहे, ती मी आधी नीट सांगितली नव्हती. सप्टेंबरपासून दर शनिवारी मी फाउंडेशनच्या इथल्या स्वयंसेवकांबरोबर त्यांच्या संकरित चेस्टनटच्या बागेत जाते. बर्नहॅमना वाटलं होतं की चिनी झाडाची ताकद दोन-तीन जनुकांत असेल. आता सगळा जनुकसंच वाचल्यावर दिसतंय की ती जवळपास सगळ्या गुणसूत्रांवर विखुरलेली आहे. म्हणजे जितकं अमेरिकन रक्त जास्त, तितकी ताकद कमी. पंधरा सोळांश आणि पूर्ण चिवट हे एकत्र येत नाही. परवा आम्ही बारा वर्षं वाढवलेल्या ओळीतली बहुतेक झाडं कापली. ज्यांनी ती लावली होती तेच कापत होते. मग तिथंच बसून चहा प्यायलो. उरलेल्या मोजक्यांची पुढची पिढी घ्यायची.

अनघा_के | १२ डिसेंबर २०२३

मी नुसती वाचत असते पण हा धागा रोज उघडून बघते.

रानवाट | ९ जुलै २०२४

धागा वर काढतेय, कारण बातमी आहे! पान आणि काडी तपासायला पाठवली होती. झाड अस्सल अमेरिकन आहे. जूनअखेरीस शिडी लावून मादीफुलांना कागदी पिशव्या बांधल्या. काल बागेतल्या एका चिवट झाडाचा पराग काचपट्टीवर घेऊन चोळला. एकूण २२ पिशव्या. हात अजून दुखताहेत.

निपाणीकर | ९ जुलै २०२४

म्हणजे लग्न लागलं म्हणायचं! सगोत्र चालत नाही ते तर आधीच कळलं होतं.

गहूवाला | १० जुलै २०२४

पिशव्यांवर तारीख आणि 'वडलां'चं नाव लिहिलंत ना? कायमच्या शाईनं. डिसेंबरची गोष्ट विसरू नका.

रानवाट | १० जुलै २०२४

लिहिलंय काका. वहीतही, आणि फांदीला पत्र्याची चकती बांधलीय.

रानवाट | ६ ऑक्टोबर २०२४

३१ बिया मिळाल्या. भरीव, तपकिरी, टोकाशी मऊ लव. शेजारच्या आजोबांच्या हातावर एक ठेवली. त्यांनी ती खिशात घातली आणि परत दिली नाही, मीही मागितली नाही. म्हणजे ३०.

आणि दुसरी गोष्ट. छातीएवढ्या उंचीवर खोडाची साल उभी चिरलीय आणि कडेला नारिंगी ठिपके आहेत. काका, तुमचंच खरं होतं. ते फक्त सुटलेलं होतं.

गहूवाला | ६ ऑक्टोबर २०२४

खरं ठरल्याचं मला मुळीच सुख नाही, ताई. पण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर बदलत नाही. झाड चिवट नसलं तरी मोलाचं आहे. त्या टेकडीला शंभर वर्षं पुरून उरलेलं मूळ आहे ते, आणि त्याचं अर्धं रक्त आता तीस बियांत आहे. त्यातल्या किती टिकतील ते पुढं बघू.

निपाणीकर | ७ ऑक्टोबर २०२४

खोडाला काही करता येत नाही का?

रानवाट | ७ ऑक्टोबर २०२४

येतं! बागेतल्या मंडळींनी सांगितलं, मातीचा लेप. झाडाच्या बुंध्याजवळचीच माती ओली करून जखमेवर थापायची, वरून प्लॅस्टिक गुंडाळून एक हंगाम ठेवायची. मातीतले जीव बुरशीला तिथं टिकू देत नाहीत. लेपाखालची जखम भरते, वर नवी होऊ शकते. आज लेप दिला. लहानपणी पाय मुरगळला की आजी देत असे तसा.

सुमेधा_लीड्स | २८ जून २०२५

डोंगरदरी, तुमच्यासाठी. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या आणि क्वीन मेरी विद्यापीठाच्या संशोधकांचा अभ्यास आलाय. सरेमधल्या मार्डन पार्क नावाच्या रानात जुनी अ‍ॅश आणि रोग आल्यानंतर उगवलेली अ‍ॅश यांचे जनुक ताडून बघितले. कोवळ्या झाडांत रोगाला टिकायचे गुण थोडे वाढलेले दिसले, जनुकसंचात हजारो ठिकाणी बारीक-बारीक फरक. रान स्वतः निवड करतंय. पण तेवढ्यानं भागेल असं तेही म्हणत नाहीत, पैदाशीची जोड लागेल म्हणतात.

डोंगरदरी | २९ जून २०२५

दोनदा वाचलं. अ‍ॅशला बी धरता येतं म्हणून रानाला निवड करता आली, चेस्टनटला ती संधीच मिळत नाही. रानवाटताईंनी हे मला दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. पराग हातानं चोळणं मला आता पटतं. जनुकाबद्दल अजून नाही.

ताई, रोपांचं काय झालं?

रानवाट | २९ जून २०२५

बिया फ्रिजमध्ये ओल्या पीटमध्ये ठेवल्या होत्या. मार्चपर्यंत २३ ना मोड आले, आता १९ रोपं आहेत, वीतभर उंच. दहा बागेला दिली, चाचणीच्या वेळी त्यांना रोग देतील. नऊ टेकडीवर लावली. दोन हरणांनी खाल्ली, एक उंदरांनी बुडाशी सोलली. आईझाडाचा लेप काढला, ती जखम भरलीय, पण आठ फुटांवर नवी आहे. शिडी घेऊन जाणार आहे.

उंदरांसाठी कोणी उपाय सांगेल का?

निपाणीकर | २९ जून २०२५

बारीक जाळीची नळी करा आणि चार बोटं जमिनीत गाडा. नुसती वर ठेवली तर खालून येतात. बुंध्याजवळ गवत वाढू देऊ नका, उंदीर त्यातच लपतात.